बदकाची अंडी घरी कशी उबवावीत

कोंबडीची पिल्ले दोन-चार वेळा व्यवस्थित काढून झाली, की बदकाचे अंडे म्हणजे जरा मोठे कोंबडीचे अंडे असा समज होतो. माझाही तसाच झाला होता. पहिल्या खेपेला उबवणी यंत्रात ठेवलेल्या बारा अंड्यांपैकी अकरा फलित होती आणि पंचविसाव्या दिवसापर्यंत अकराही जिवंत होती, परंतु त्यांतली सात पिल्ले पूर्ण वाढ होऊन, अंगावर पिसांची लव आलेली असतानाही कवचातच मेली. ती अंडी फोडून पाहिली तेव्हा पिल्ले ओलीचिंब होती आणि हवेची पोकळी अगदी लहान होती. बदकाला पाणी आवडते म्हणून मी यंत्रात सुरुवातीपासून भरपूर पाणी ठेवले होते आणि त्या पाण्यानेच पिल्ले गेली.

अंड्यातून रोज थोडे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर जाणे आवश्यक असते. ते किती गेले पाहिजे याचा हिशेब ठेवणे आणि शेवटच्या तीन दिवसांत यंत्राचे झाकण न उघडणे या दोन गोष्टी जमल्या, तर बाकीचे काम बऱ्याच अंशी यंत्र करते. म्हणून या लेखात या दोन गोष्टींविषयी सविस्तर लिहिले आहे.

अंडी आणण्यापूर्वी

बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून आलेली आहेत आणि त्यांच्या अंड्यांना २८ दिवस लागतात. पेकिन, खाकी कॅम्पबेल, रनर ही सर्व त्यांतलीच. मस्कोव्ही ही वेगळी जात असून तिच्या अंड्यांना साधारण ३५ दिवस लागतात, त्यामुळे दोन्ही प्रकारची अंडी एकाच वेळी एका यंत्रात ठेवू नयेत. या लेखातले दिवस २८ दिवसांच्या अंड्यांसाठी आहेत. मस्कोव्हीसाठी शेवटचा टप्पा सात दिवस पुढे न्यावा.

या काळात घरात रोज कोणीतरी असावे लागेल, हे आधीच ठरवून घ्यावे. जन्मणाऱ्या पिल्लांपैकी साधारण निम्मे नर निघतील आणि एका नरामागे पाच-सहा माद्या असल्या तरच कळप शांतपणे नांदतो. जास्तीच्या नरांचे काय करायचे याचे उत्तर अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वीच आपल्याजवळ असले पाहिजे. एकच पिल्लू काढण्याचा विचार मात्र कोणीही करू नये. बदकाचे पिल्लू एकटे राहिले की अखंड ओरडते आणि खंगते. त्यामुळे पिल्ले निदान तीन-चार तरी निघतील इतकी अंडी ठेवावीत.

घरी खुडूक झालेली कोंबडी किंवा मस्कोव्हीची मादी असेल, तर तिच्याखाली अंडी ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण ऊब, दमटपणा आणि अंडी फिरवणे हे सारे ती आपल्यापेक्षा चांगले जाणते. फक्त कोंबडी २१ दिवसांच्या सवयीची असते, त्यामुळे ती चौथ्या आठवड्यात उठून गेली तर यंत्र तयार असावे. पेकिन, रनर आणि खाकी कॅम्पबेल या जाती क्वचितच अंड्यांवर बसतात, म्हणून त्यांच्या अंड्यांसाठी बहुधा यंत्रच वापरावे लागते.

अंडी निवडणे आणि साठवणे

बदके बहुतेक अंडी पहाटे घालतात, तीही बऱ्याचदा ओल्या, मळलेल्या जागी. यासाठी बसण्याच्या जागी रोज कोरडे गवत किंवा लाकडाचा भुसा घालावा आणि अंडी सकाळीच उचलावीत. चिखल लागलेले अंडे धुऊन चकचकीत करण्याचा मोह होतो, पण अंड्यावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, जो सूक्ष्म जंतूंना आत जाण्यापासून अडवतो आणि धुतल्याने तो निघून जातो. थोडी घाण कोरड्या, खरखरीत कापडाने पुसावी आणि फार मळलेले अंडे उबवायला घेऊच नये. धुण्यावाचून गत्यंतर नसेल तर पाणी अंड्यापेक्षा कोमट असावे, कारण थंड पाण्यात अंड्यातला आतला भाग आकसतो आणि बाहेरचे पाणी जंतूंसह छिद्रांतून आत ओढले जाते.

मध्यम आकाराची, गुळगुळीत आणि तडा नसलेली अंडी निवडावीत. फार मोठ्या अंड्यात कधी दोन बलक असतात, तर नव्याने अंडी घालू लागलेल्या मादीच्या अंड्यांतून पिल्ले कमी निघतात.

साठवण १३ ते १५ अंश सेल्सिअसला, निमुळते टोक खाली ठेवून, जास्तीत जास्त सात दिवस करावी. फ्रिज यापेक्षा फार थंड असतो. सात दिवसांनंतर प्रत्येक दिवसागणिक पिल्लू निघण्याची शक्यता कमी होत जाते. अंडी प्रवास करून आली असतील तर ती टोक खाली करून एक दिवस स्थिर ठेवावीत, म्हणजे धक्क्यांनी हललेली हवेची पोकळी जागेवर बसते. साठवणीतून काढलेले गार अंडे थेट उबदार यंत्रात ठेवल्यास त्यावर दव धरते, म्हणून आधी काही तास ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

यंत्र आणि मापके

यंत्र अंडी ठेवण्यापूर्वी निदान २४ तास चालवून पाहावे. ज्या खोलीत ऊन येत नाही, वारा लागत नाही आणि तापमान दिवसभर फारसे बदलत नाही, अशा खोलीत ते ठेवावे. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात. पंखा नसलेल्या यंत्रात गरम हवा वर साचते, त्यामुळे अंड्यांच्या वरच्या पृष्ठभागाच्या उंचीला थर्मामीटर धरून तेथे ३८.३ ते ३८.९ अंश राखावे लागते. नवख्या व्यक्तीने शक्यतो पंख्याचेच यंत्र घ्यावे.

यंत्रावरच्या आकड्यावर विसंबून राहू नये. ताप मोजण्याचा थर्मामीटर नेमका याच तापमानासाठी बनवलेला असल्यामुळे तो अंड्यांच्या उंचीला ठेवून खात्री करून घेता येते. यंत्र ३७.५ दाखवत असताना प्रत्यक्षात ३८.४ असेल, तर पिल्ले लवकर, अशक्त आणि बेंबी न मिटलेली निघतात. तापमान थोडे कमी राहिले तर ती उशिरा निघतात. काही तास गार पडलेले अंडे पुष्कळदा सावरते, पण तापलेले अंडे सावरत नाही.

आर्द्रतामापकाची परीक्षा मिठाने करता येते. एका लहान झाकणात मीठ घेऊन त्यात पाण्याचे काही थेंब टाकावेत, इतके की मीठ ओले होईल पण विरघळणार नाही. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात आठ ते बारा तास ठेवावेत. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मापक ६९ दाखवत असेल तर तो सहाने कमी दाखवतो हे कळले, आणि पुढे प्रत्येक वेळी सहा मिळवून वाचावे. या परीक्षेत दहा-दहा टक्क्यांनी चुकणारी मापके मी पाहिली आहेत, आणि असल्या मापकावर विश्वास ठेवून महिनाभर केलेली मेहनत फुकट जाते.

पाण्याचा हिशेब

अंड्याच्या जाड टोकाशी कवच आणि पापुद्रा यांच्यामध्ये हवेची पोकळी असते. अंड्यातले पाणी छिद्रांवाटे जसजसे बाहेर जाते, तसतशी ही पोकळी मोठी होते. अखेरच्या दिवसांत पिल्लू आपली चोच या पोकळीत घालून आयुष्यातला पहिला श्वास घेते. पोकळी लहान राहिली तर त्याला हवा अपुरी पडते, वळायला जागा मिळत नाही, आणि आत उरलेल्या द्रवात ते गुदमरते. पाणी जरुरीपेक्षा जास्त गेले तर पापुद्रा सुकून कातड्यासारखा होतो आणि पिल्लू त्यात जखडते.

पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन १२ ते १४ टक्क्यांनी घटलेले असावे, हे माप धरून चालावे. लक्षात ठेवायला सोपा आकडा म्हणजे रोज अर्धा टक्का. ८० ग्रॅमचे अंडे घेतले तर ते रोज ०.४ ग्रॅमने हलके व्हायला हवे: सातव्या दिवशी ७७.२ ग्रॅम, चौदाव्या दिवशी ७४.४ ग्रॅम आणि पंचविसाव्या दिवशी ७० ग्रॅम. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा असेल तर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक घालून त्याचे पहिल्या दिवसाचे वजन वहीत लिहावे. शाईचे पेन वापरू नये, कारण कवच सच्छिद्र असते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा असेल तर सर्व अंडी एकत्र तोलावीत. ९६० ग्रॅमच्या बारा अंड्यांची घट रोज सुमारे ४.८ ग्रॅम असावी. मात्र पुढे एखादे अंडे वांझ निघून काढून टाकले, तर त्याचे पहिल्या दिवसाचे वजन मूळ बेरजेतून वजा करावे लागते. एकत्र तोलणाऱ्यांनीही प्रत्येक अंड्याचे सुरुवातीचे वजन वेगळे लिहून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

आर्द्रता सुरुवातीला ५० ते ५५ टक्के ठेवावी आणि सातव्या दिवशी काट्याला विचारावे. अंडी अपेक्षेपेक्षा जड असतील, म्हणजे पाणी कमी गेले असेल, तर आर्द्रता पाच-सात टक्क्यांनी उतरवावी; हलकी असतील तर तितकीच चढवावी. दहाव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पुन्हा तोलावे. एक-दोन अंडी इतरांहून वेगळी वागतात, कारण प्रत्येक कवचाची छिद्रे सारखी नसतात; त्यांच्यासाठी सगळ्यांची आर्द्रता बदलू नये, सरासरीकडे पाहावे. यंत्रातली आर्द्रता पाण्याच्या खोलीवर अवलंबून नसते, ती पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावर ठरते. उथळ पण पसरट भांडे ठेवले की आर्द्रता वाढते. कमी करायची असेल तर अरुंद भांडे ठेवावे. भांड्यात काठोकाठ पाणी ओतल्याने फक्त ते जास्त दिवस पुरते.

पावसाळी, दमट हवेत यंत्रात पाणी न ठेवताही आर्द्रता ५५ च्या वर जाते. तेव्हा भांडे काढून टाकावे आणि हवेची छिद्रे उघडावीत. पाणी ठेवलेच पाहिजे असा नियम नाही, वजन घटलेच पाहिजे असा आहे.

फिरवणे

अंडी ठेवली तो दिवस शून्य धरावा. सोमवारी संध्याकाळी ठेवली, तर चार आठवड्यांनी येणारी सोमवारची संध्याकाळ हा अठ्ठाविसावा दिवस.

स्वयंचलित यंत्र अंडी तासा-दोन तासांनी स्वतः कलते करते. हाताने फिरवायची असतील तर अंडी आडवी ठेवून एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा, आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा बाजू बदलावी. संख्या विषम असली की रात्रीचा मोठा काळ रोज एकाच बाजूवर जात नाही. एकदा उजवीकडे वळवले तर पुढच्या वेळी डावीकडे वळवावे, म्हणजे बलकाला धरून ठेवणारे दोर पिळले जात नाहीत. अंडे स्थिर राहिले तर वाढणारा गर्भ पापुद्र्याला चिकटतो, आणि हा धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. हात लावण्यापूर्वी आणि नंतर साबणाने धुवावेत.

अंड्यांवर बसलेली बदकी दिवसातून एकदा उठून चरायला आणि पाण्यात जाते आणि ओल्या पिसांनी परत येते. त्याचे अनुकरण म्हणून बरेच जण आठव्या दिवसापासून रोज एकदा दहा-पंधरा मिनिटे झाकण उघडून अंडी गार करतात आणि त्यांवर कोमट पाण्याचा तुषार मारतात. मोठ्या अंड्यातला वाढता गर्भ उत्तरार्धात स्वतः बरीच उष्णता निर्माण करतो, ती बाहेर जायला यामुळे मदत होते, एवढा अर्थ त्यात निश्चित आहे. माझ्या मते पहिल्या खेपेला हे न करता केवळ तापमान आणि वजन सांभाळावे. दुसऱ्या खेपेपासून करावे. करायचे असेल तर पाणी उकळून निववलेले असावे आणि पंचविसाव्या दिवशी ते थांबवावे.

वीज गेली तर झाकण उघडू नये; यंत्रावर जाड पांघरूण टाकावे, हवेची छिद्रे तेवढी मोकळी ठेवावीत. शेवटच्या आठवड्यात अंडी पुष्कळ उष्णता देतात, त्यामुळे तेव्हा पंखा बंद पडून आत तापमान चढत नाही ना, याकडेही लक्ष ठेवावे.

दिव्यावर पाहणे

अंधाऱ्या खोलीत लहान पण तेजस्वी बॅटरी अंड्याच्या जाड टोकाशी टेकवली की आतले दिसते. सातव्या दिवशी जिवंत अंड्यात एका काळसर ठिपक्यापासून चहूबाजूंना पसरलेल्या तांबड्या शिरा दिसतात, कोळ्याच्या पायांसारख्या. अंडे क्षणभर स्थिर धरले तर तो ठिपका हललेलाही दिसतो. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडे फलित नव्हते. शिरांऐवजी रक्ताचे एकच रेखीव कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला आहे. पांढऱ्या कवचात हे स्वच्छ दिसते, हिरवट-निळसर कवचात कठीण जाते; शंका असेल तर अंडे काढू नये, तीन दिवसांनी पुन्हा पाहावे.

चौदाव्या दिवशी अर्ध्याहून अधिक अंडे गडद झालेले असते. पंचविसाव्या दिवशी पोकळी सोडून सर्व काळे दिसते आणि पोकळीची कड सरळ न राहता एका बाजूला उतरलेली असते. प्रत्येक वेळी पोकळीची कड पेन्सिलीने रेखून ठेवावी, म्हणजे काटा नसला तरी तिची वाढ डोळ्यांना दिसते.

अंडे दिव्यावर पाहताना त्याचा वासही घ्यावा. कुजके अंडे यंत्रात फुटले तर बाकीच्यांनाही घेऊन जाते. वास येणारे किंवा कवचावर द्रव पाझरलेले अंडे त्याच क्षणी, हलक्या हाताने, घराबाहेर न्यावे.

पंचविसावा दिवस

या दिवशी शेवटचे तोलणे, शेवटचे दिव्यावर पाहणे, आणि फिरवणे कायमचे बंद. अंडी आडवी ठेवावीत. त्यांच्याखाली जाळीदार रबरी चटई किंवा खरखरीत कापड अंथरावे, कारण गुळगुळीत जाळीवर नव्या पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच राहिले तर ती नीट चालू शकत नाहीत. आता आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांवर न्यावी. हवेची छिद्रे पूर्ण उघडावीत, कारण आता पिल्ले फुप्फुसांनी श्वास घेऊ लागणार आहेत. पाण्याचे भांडे बाहेरून नळीने भरता येईल अशी सोय करून मग झाकण लावावे.

आधी पंचवीस दिवस कमी ठेवलेली आर्द्रता आता एकदम वाढवण्याचे कारण असे, की पोकळी तयार झाली आहे, यापुढे पापुद्रा मऊ राहायला हवा. पिल्लाने कवचाला भोक पाडले की त्या भोकातून आत येणारी हवा कोरडी असेल तर पापुद्रा पिल्लाच्या अंगाला चिकटून वाळतो. झाकण काही क्षण उघडले तरी आतला दमटपणा निघून जातो आणि तो परत यायला वेळ लागतो.

पहिल्या टोचेपासून जन्मापर्यंत

साधारण सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा फोडून चोच पोकळीत घालते. बाहेर काहीच दिसत नाही, पण यंत्राला कान लावला तर टकटक आणि बारीक चिवचिव ऐकू येते. त्यानंतर बारा ते चोवीस तासांनी, कधी त्याहून उशिरा, कवचावर चांदणीसारखा तडा उमटतो. ही पहिली टोच.

यापुढचे सगळे नवख्या माणसाला अस्वस्थ करते. कोंबडीचे पिल्लू टोचेनंतर बहुधा चोवीस तासांच्या आत बाहेर येते. बदकाच्या पिल्लाला २४ ते ३६ तास सहज लागतात, कधी ४८. एवढ्या वेळात भोक तसेच दिसते आणि पिल्लू अडकले असे वाटू लागते. प्रत्यक्षात आत फार मोठे काम चाललेले असते: पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतले रक्त पिल्लाच्या शरीरात परत जात असते आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जात असतो. ते पूर्ण झाल्याशिवाय पिल्लाने बाहेर येणे त्याच्या जिवावर बेतते. ते पूर्ण झाले की पिल्लू आपोआप जाड टोकाभोवती गोल फिरत कवच कापू लागते आणि अर्धा-एक तासात, कधी काही तासांत, टोपण उचलल्यासारखे कवच ढकलून बाहेर पडते. मध्येच ते थांबते, झोपते, पुन्हा सुरू करते. ओले, थकलेले, मान टाकून पडलेले पिल्लू मेल्यासारखे दिसते. ते विश्रांती घेत असते.

मदत करावी का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. टोचेला ३६ ते ४८ तास होऊन गेले, पुढे काहीच हालचाल नाही आणि आवाज क्षीण होत चालला आहे, किंवा भोकातून दिसणारा पापुद्रा पिवळट-तपकिरी आणि चामड्यासारखा झाला आहे, तरच हात घालावा. आधी ओल्या, उबदार हवेच्या बंद खोलीत फक्त तेवढे अंडे बाहेर घेऊन कापसाच्या बोळ्याने पापुद्र्याला कोमट पाण्याचा थेंब लावावा, चोचीला पाणी लागू देऊ नये. पापुद्रा ओला झाला की पारदर्शक होतो. त्यात लाल शिरा दिसल्या तर पिल्लू तयार झालेले नाही. अंडे तसेच परत ठेवावे आणि सहा तास त्याकडे पाहू नये. शिरा दिसत नसतील तर पोकळीच्या कडेने कवचाचे लहान तुकडे, एका वेळी नखाएवढे, काढावेत. रक्ताचा एक ठिपका दिसला तरी थांबावे. शेवटचा तिसरा भाग पिल्लाने स्वतः लाथा मारून मोकळा करावा, पिल्लाला ओढून काढू नये. टोच निमुळत्या टोकाला पडली असेल, तर पिल्लू उलटे आहे. त्याला लवकर मदत लागू शकते, म्हणून त्याचे श्वासाचे भोक मोकळे आहे ना, हे अधिक बारकाईने पाहावे.

पहिले काही दिवस

पिल्लू कोरडे होऊन फुलेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे. पोटात घेतलेला बलक त्याला साधारण ४८ तास पुरतो, त्यामुळे खायला देण्याची घाई नसते. इतरांची टोच चालू असताना एका पिल्लासाठी झाकण उघडू नये; दोन-तीन पिल्ले सुकली की झटकन एकदाच काढून घ्यावीत.

उबेच्या पेटीत सुरुवातीला ३२ अंश तापमान ठेवून ते दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जावे. पिल्ले दिव्याखाली दाटीवाटीने एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, दिव्यापासून दूर चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडते आहे. पेटीची एक बाजू गार ठेवली की जागा ती स्वतः निवडतात. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद खाली घालू नये.

पाण्याचे भांडे इतके खोल असावे की पिल्लाला नाकपुड्यांसह चोच बुडवता यावी, पण इतके अरुंद किंवा गोट्यांनी भरलेले असावे की त्याला आत शिरता येऊ नये. आईच्या पिसांतला तेलकटपणा यंत्रात निघालेल्या पिल्लांना मिळत नाही. ती भिजतात, गारठतात आणि मरतात. पोहण्याचा आनंद त्यांना काही आठवडे लांबवावा. खाद्याजवळ पाणी मात्र नेहमी हवे, कारण कोरडा चुरा त्यांच्या घशात अडकतो.

खाद्य २० ते २२ टक्के प्रथिनांचे स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य, असावे. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त, सुमारे ५५ मिलिग्रॅम प्रति किलो खाद्य, लागते. फक्त कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य दिले तर काही दिवसांत पाय वाकडे होतात, घोटे सुजतात आणि पिल्लू बसून राहते. त्यासाठी खाद्यात ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे नायसिन असलेली यीस्टची पूड, मिसळतात. पिल्लांना हाताळल्यानंतर लहान मुलांनीही साबणाने हात धुतलेच पाहिजेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लांकडूनही साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होऊ शकतो.

न फुटलेली अंडी

तिसाव्या दिवसापर्यंत टोच न पडलेली अंडी दिव्यावर पाहून, आत हालचाल नाही याची खात्री झाल्यावर, घराबाहेर नेऊन एकेक करून फोडावीत. हे काम मनाला जड जाते, तरी ते टाळू नये. पहिल्या आठवड्यात मेलेले गर्भ जास्त असतील तर अंडी जुनी होती, साठवण चुकली होती किंवा सुरुवातीचे तापमान बिघडले होते. मधल्या काळातले मृत्यू सहसा कमी असतात. ते जास्त दिसले तर माद्यांचा आहार आणि अंडी फिरवण्याची पद्धत तपासावी. पूर्ण वाढलेले, ओले, सुजलेले पिल्लू आणि लहान पोकळी असेल तर पुढच्या खेपेला पहिल्या २५ दिवसांची आर्द्रता पाच टक्क्यांनी कमी ठेवावी. पिल्लू कोरडे, पापुद्र्यात गुंडाळलेले आणि पोकळी फार मोठी असेल तर आर्द्रता तेवढीच वाढवावी, किंवा शेवटच्या दिवसांत झाकण किती वेळा उघडले ते आठवावे. प्रत्येक अंड्याच्या क्रमांकासमोर हे वहीत लिहून, त्याच ओळीत त्याचे पहिल्या आणि पंचविसाव्या दिवसाचे वजन आहे ना, ते पाहून घ्यावे.